बिनकाट्याचा देखणा घायपात

थोडे पाणी, थोडे ऊन आणि मालकाचा पुष्कळ संयम एवढ्यावर वाढणारे हे झाड. ते घरी कसे लावावे, कसे जपावे आणि आयुष्यात एकदाच येणाऱ्या फुलोऱ्यानंतर काय करावे, याविषयी थोडेसे.

घरात चार हिरवी झाडे असावीत असे कोणाला वाटत नाही? हौसेने गुलाब आणला जातो, शेवंती आणली जाते, तुळस तर असतेच. पण सकाळची शाळेची गडबड, नोकरीच्या वेळा, मे महिन्यातले गावी जाणे आणि त्यात आठवड्यातून दोन दिवस येणारे नळाचे पाणी! सुटीवरून परत यावे तर गॅलरीत सुकलेल्या काड्या उभ्या. अशा घरांसाठी निसर्गाने काही झाडे जणू मुद्दाम घडवली आहेत. पानांत आणि खोडात पाणी साठवून ठेवणारी ही मांसल झाडे. त्यांच्यातही काटे नसलेले, मोठ्या हिरव्या कमळासारखे दिसणारे आणि वर्षानुवर्षे सोबत करणारे झाड म्हणजे बिनकाट्याचा घायपात.

बंगळूरमध्ये हे झाड आज जागोजागी दिसते. मोठ्या कंपन्यांच्या आवारात, वसाहतींच्या फाटकापाशी, जुन्या बंगल्यांच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आणि गच्चीवरच्या कुंड्यांत त्याचे फिकट हिरवे, रुंद पानांचे झुबके मांडलेले असतात. बघणाऱ्याला वाटते, याची देखभाल करायला माळी लागत असेल. खरे तर माळ्याने फार लक्ष घातले नाही तरच ते सुखी असते.

बागांचे शहर आणि पाण्याची चणचण

बंगळूर, म्हणजे आजचे बेंगळुरू, बागांचे शहर म्हणून ओळखले जाते. हैदरअलीने १७६० मध्ये इथे लालबागेचा पाया घातला, टिपू सुलतानाने ती वाढवली. आज ही बाग सुमारे २४० एकरांवर पसरलेली आहे. तिथल्या काचघराची कोनशिला १८८९ मध्ये बसवली गेली. दरवर्षी प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास याच काचघरात फुलांचे प्रदर्शन भरते आणि अख्खे शहर तिकडे लोटते. प्रदर्शन बघून परतताना हातात एखादी कुंडी नसेल तर फेरी फुकट गेल्यासारखे वाटणारे लोक पुष्कळ. बागेच्या शेजारीच सिद्धापुरा भागात रोपवाटिकांची जुनी वसाहत आहे. तिथे नाना तऱ्हेची रोपे विकायला असतात.

बंगळूरमधली मराठी घरेही या छंदात मागे नाहीत. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणसाचा या गावाशी संबंध आहे. अलीकडे नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची हजारो तरुण जोडपी इथे स्थायिक झाली. सदनिका दुसऱ्या-पाचव्या मजल्यावर, गॅलरी हातभर, पण तुळशीशेजारी दोन कुंड्या हव्यातच.

याच शहरावर २०२४ च्या उन्हाळ्यात मोठी आपत्ती आली. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता. हजारो विंधनविहिरी आटल्या. टँकरसाठी रांगा लागल्या. मार्च २०२४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेला घालण्यासाठी आणि गाड्या धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घातली. नियम मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड! कावेरीचे पाणी या शहरात सुमारे शंभर किलोमीटरवरून, चढ चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि पुरवठा वाढला. पण त्या उन्हाळ्याने अनेक घरांना एक धडा दिला. हिरवळीचे गालिचे आणि रोज पाणी मागणारी नाजूक झाडे ही चैन आहे. घरात माणसांना पाणी मोजून वापरावे लागत असेल तर कुंडीनेही काटकसर शिकायला हवी. काही हौशी मंडळींनी छंदच सोडून दिला, तर काहींनी झाडे बदलली. झाडे बदलणाऱ्यांना हा घायपात फार सोयीचा आहे.

ओळख जुनी, रूप नवे

घायपात आपल्याला नवा नाही. रेल्वेमार्गाच्या कडेने, शेताच्या बांधावर, माळरानावर तलवारीसारख्या ताठ पानांची, टोकाला दाभणासारखा काटा असलेली झुडपे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. कोणी त्याला घायपात म्हणतात, कोणी केकताड. त्याची पाने ठेचून, कुजवून काढलेल्या धाग्याला वाख म्हणतात. या वाखाचे दोर वळणे हा खेड्यापाड्यांतला जुना धंदा. पोळ्याला बैलाचा नवा कासरा आला की त्यात बहुधा या झाडाचा हात असायचा. कन्नडमध्ये याला कत्ताळे म्हणतात आणि कर्नाटकातही शेताच्या कुंपणाला ते पूर्वापार लावले जाते.

बिनकाट्याचा घायपात हा त्याचाच भाऊबंद, पण स्वभावाने अगदी मवाळ. शास्त्रीय नाव अगेव्ह अटेन्युएटा. रोपवाटिकेत ‘अगेव्ह’ एवढेच म्हटले तर काटेरी जातही हातात पडू शकते, म्हणून ‘अटेन्युएटा’ किंवा ‘बिनकाट्याचे अगेव्ह’ असे स्पष्ट सांगावे. अगेव्ह हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘थोर, उमदा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे. अटेन्युएटा म्हणजे टोकाकडे निमुळते होत गेलेले.

याची पाने हातभर लांब, मधोमध रुंद आणि टोकाला निमुळती असतात. रंग फिकट हिरवा किंवा राखाडी झाक असलेला. पानांवर पांढरट लव्हाळी मुलामा असतो, द्राक्षांवर असतो तसा. पानाच्या कडेला दात नाहीत, टोकाला काटा नाही. हात फिरवला तर मऊ लागते. जुनी पाने गळत जातात तसे खाली जाड, राखाडी खोड दिसू लागते आणि ते कधी सरळ, कधी वाकडे होत तीन-चार फुटांपर्यंत वाढते. शेंड्याला पानांचा मोठा गोल झुबका. दुरून पाहिले तर दगडी खांबावर कमळ ठेवल्यासारखे दिसते.

त्याचे मूळ घर मेक्सिकोच्या मध्य भागातल्या डोंगरांत, कड्याकपारीत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचा हा मुलूख. ऊन आहे पण भाजून काढणारे नाही, पाऊस आहे पण पाणी दगडांतून वाहून जाणारे. बंगळूर नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. उन्हाळ्यात पारा साधारणपणे चौतीस-पस्तीसच्या आसपास राहतो आणि हिवाळ्यात कडाका नसतो. तेव्हा मेक्सिकोच्या या पाहुण्याला इथली हवा मानवली, यात नवल काय?

याच्या नात्यागोत्यातही गंमत आहे. आपल्या गजऱ्यातला आणि लग्नाच्या हारातला निशिगंध याचा जवळचा नातेवाईक. तोही मेक्सिकोचाच. पूर्वी त्याला वेगळ्या वंशात गणत, आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही अगेव्ह वंशातच घालतात. मेक्सिकोतली प्रसिद्ध टकीला ही दारू निळ्या अगेव्हपासून करतात, आणि आपली औषधी शतावरीही याच विस्तृत कुळात मोडते.

रात्री श्वास घेणारे झाड

एवढ्या कमी पाण्यावर हे झाड जगते तरी कसे? बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्याच वेळी पानांतले पुष्कळ पाणी वाफ होऊन निघून जाते. घायपाताने यावर युक्ती काढली आहे. भर उन्हात तो छिद्रे मिटून बसतो आणि रात्री हवा गार झाली की उघडतो. रात्री आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानांत साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतो. निवडुंग, अननस आणि पानफुटी यांचीही हीच रीत. गृहिणी जशी रात्रीच भाजी निवडून ठेवते आणि सकाळी झटपट स्वयंपाक उरकते, तसाच हा प्रकार.

या काटकसरीची किंमतही आहे. असे झाड सावकाश वाढते. चार महिन्यांत कुंडी भरून जावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने दुसरे काही लावावे.

रोप निवडताना

रोप घेताना फार मोठ्याचा मोह धरू नये. वीतभर उंचीचे, सात-आठ घट्ट पाने असलेले रोप चांगले. मधला कोंब सरळ आणि कडक असावा. पाने बुंध्याशी दाबून पाहावीत. मऊ, पाणथळ लागली तर रोप आतून कुजायला लागले आहे असे समजावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके असतील तर ते पिठ्या ढेकूण. असे रोप स्वस्त मिळाले तरी घरी आणू नये, कारण ही कीड शेजारच्या जास्वंदीवरही पसरते.

रोपवाटिकेत ही रोपे बहुधा हिरव्या जाळीच्या सावलीत आणि नारळाच्या भुश्शात वाढवलेली असतात. भुस्सा वजनाला हलका, म्हणून विक्रेत्याला सोयीचा, पण तो पाणी फार दिवस धरून ठेवतो. घरी आणल्यावर आठवड्याभराने रोप काढून, मुळांभोवतीचा भुस्सा हलक्या हाताने झटकून योग्य मातीत लावावे. जाळीतून आणलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये. पाने भाजून पांढरे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. पहिला आठवडा सावलीत, दुसरा सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग हळूहळू पुढे, असे दोन-तीन आठवड्यांत त्याला उन्हाची सवय लावावी.

कुंडी आणि माती

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. प्लॅस्टिकची चालेल, पण मग पाणी आणखी बेताने घालावे. सुरुवातीला आठ-दहा इंचांची आणि दोन-तीन वर्षांनी चौदा ते सोळा इंचांची कुंडी पुरते. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळे न पोहोचलेल्या भागात ओल साचून राहते. कुंडीच्या तळाला भोके हवीतच. भोक नसलेल्या चिनी मातीच्या सुंदर भांड्यात हे झाड लावणे म्हणजे त्याला पाण्यात बुडवून मारणे.

माती अशी हवी की वरून पाणी घातल्यावर थोड्याच वेळात खालून निथळून जावे. बंगळूरची लाल माती चांगली, पण नुसती वापरली तर विटेसारखी घट्ट बसते. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि एक भाग चांगले मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. समुद्राची वाळू कधीही वापरू नये, तिच्यातले मीठ मुळांना मारते. महाराष्ट्रात काळी माती असेल तर वाळूचे प्रमाण आणखी वाढवावे, कारण काळी माती पाणी सोडत नाही.

तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवून मिश्रण भरावे. रोप लावताना बुंधा मातीत खोल गाडू नये. सर्वांत खालची पाने मातीच्या वर राहायला हवीत. लावल्यावर लगेच पाणी घालू नये. मुळांना झालेल्या जखमा भरायला तीन-चार दिवस द्यावेत आणि मग पहिले पाणी घालावे.

मोठी कुंडी जड होते हेही ध्यानात घ्यावे. गॅलरीच्या कठड्यावर ती कधीही ठेवू नये. झुबका मोठा झाला की झाड एका बाजूला कलते, आणि खालून माणसे येत-जात असतात.

पाणी : लाड नकोत

ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. बहुतेक मरतात ती मायेने. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना उरलेला तांब्या शेजारच्या कुंडीत ओतायची सवय असते आणि तिथेच घात होतो.

साधा नियम असा. मातीत बोट दोन इंच खुपसावे. ओल लागली तर पाणी नाही. पूर्ण कोरडी लागली तर खालून निथळेपर्यंत भरपूर घालावे आणि पुन्हा वाळेपर्यंत थांबावे. रोज घोटभर देण्यापेक्षा असे अधूनमधून पोटभर देणे मुळांना मानवते. बंगळूरच्या हवेत मार्च ते मे आठवड्यातून एकदा आणि हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते. बंगळूरला मे महिन्यातच वळवाच्या सरी सुरू होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा जोर असतो. त्या काळात उघड्यावरच्या कुंडीला वरचे पाणी मुळीच नको.

झाड स्वतःही सांगत असते, फक्त बघायला हवे. पाने किंचित आत वळली, त्यांवर बारीक सुरकुत्या दिसल्या तर ते पाणी मागते आहे. पाने पिवळट, फुगीर आणि बुंध्याशी काचेसारखी पारदर्शक झाली तर पाणी फार झाले. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे होऊन वाळले तर घाबरू नये, ते वयाने झालेले असते.

कुठले पाणी वापरावे? तांदूळ-भाजी धुतलेले, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे किंवा साठवलेले पावसाचे पाणी चालते. साबणाचे पाणी नको. घरच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारांनी भरलेले असते. ते नेहमी घातले तर मातीवर पांढरी पापडी धरते. विंधनविहिरीच्या जड पाण्यानेही तसेच होते. अशा कुंड्या पहिल्या चांगल्या पावसात तासभर बाहेर ठेवल्या की क्षार धुऊन निघतात.

आणखी एक गोष्ट घरच्या आरोग्याची. कुंडीखालच्या बशीत आणि पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना अंडी घालायला एवढे स्वच्छ पाणी पुरते. डेंग्यूचे रुग्ण इतके वाढले की सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्याला साथीचा रोग म्हणून जाहीर केले होते. म्हणून पावसाळ्यात बश्या काढून ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा कुंडी तिरकी करून बेचक्यांतले पाणी ओतून द्यावे. झाड कुजण्याचा धोकाही त्याने टळतो.

ऊन, खत आणि गावोगावची हवा

रोज चार ते पाच तास ऊन मिळाले की झाड खूश. पूर्वेकडची गॅलरी सर्वांत चांगली. उजेड कमी पडला तर पाने लांबुडकी, विरळ होऊन खाली लोंबतात. हे झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कायमचे ठेवण्याचे नव्हे. पाहुणे यायचे असतील तेव्हा दोन-चार दिवस आत आणावे आणि पुन्हा बाहेर ठेवावे. महिन्यातून एकदा कुंडी थोडी फिरवली तर झुबका चहूबाजूंनी सारखा वाढतो.

खताची भूक फार नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, प्रत्येक वेळी दोन मुठी गांडूळखत पुष्कळ झाले. युरियासारखी खते घातली तर पाने भराभर वाढतात, पण मऊ पडतात आणि किडीला निमंत्रण मिळते.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव इथली हवा बंगळूरच्या बरीच जवळची, तिथे वरील सगळे नियम जवळजवळ तसेच लागू पडतात. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने कुंडी वळचणीखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली सरकवावी, नाहीतर सततच्या धारेने शेंडा कुजतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे झुकतो. तिथे एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून जाळीचा आडोसा हवा. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी, दहिवर गोठण्याची शक्यता असेल त्या रात्री झाडावर जुने पातळ पांघरावे, कारण गोठवणारी थंडी याच्या पानांना सोसत नाही.

शत्रू कोण?

पिठ्या ढेकूण हा पहिला. संख्या थोडी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढावा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि चार थेंब सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल फवारले तर पाने भाजतात. फवारणी वारंवार केल्याने पानांवरचा पांढरट मुलामा निघून जातो, म्हणून गरजेपुरतीच करावी. धूळ पुसायचीही घाई नको, नुसत्या पाण्याचा हलका फवारा पुरे.

दुसरा शत्रू गोगलगाय. मोठी आफ्रिकन गोगलगाय मूळची परदेशी. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली आणि आता बंगळूरच्या बागांतही पावसाळ्यात तिचा सुळसुळाट होतो. काटेरी घायपाताच्या वाटेला ती फारशी जात नाही, पण याची मऊ पाने रात्रीत कुरतडते. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन, हातमोजे घालून गोगलगायी वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ कुंडीत मात्र टाकू नये. दिवसा त्या कुंडीच्या तळाशी, विटांखाली लपतात, तिथेही पाहावे.

तिसरा शत्रू कुज. बुंधा मऊ लागला, वास आला तर वेळ न दवडता झाड उपटावे. वरचा निरोगी भाग धारदार सुरीने कापावा. काप पांढरा, स्वच्छ दिसेपर्यंत कापत जावे. मग आठवडाभर सावलीत वाळवून नव्या कोरड्या मातीत लावावा. अनेकदा झाड असे वाचते.

लहान मुलांच्या घरी

‘दारात काटेरी झाड नको,’ असे घरातली वडील मंडळी म्हणतात तेव्हा त्यात शुभ-अशुभाच्या समजुतीइतकाच व्यवहारही असतो. साध्या घायपाताचा काटा रांगत्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. अंगणात चेंडू आणायला धावणाऱ्या पोरालाही तो लागू शकतो. बिनकाट्याच्या जातीत ही भीती नाही. सासूबाईंचा आक्षेप आणि सुनेची हौस या दोन्हींचा मान राखणारे असे हे झाड.

तरी एक सावधगिरी हवी. याच्या रसात अळूसारखे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. पान तुटून रस अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, पुरळ उठते. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि डोळे चोळू नयेत. रस लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. मुलाने पान चावले आणि तोंड सुजले किंवा रस डोळ्यात गेला तर डॉक्टरांना दाखवावे. घरच्या कुत्र्या-मांजरांनाही पाने चावू देऊ नयेत.

पुष्कळांची गल्लत होते ती कोरफडीशी. कोरफडीचा गर चेहऱ्याला लावतात म्हणून घायपाताचे पानही कोणी कापून लावायला जाते. हे कधीही करू नये. ओळखायचे कसे? कोरफडीच्या पानाच्या कडेला बारीक दात असतात आणि मोडल्यावर आत काचेसारखा गर दिसतो. घायपाताचे पान मोडल्यावर आत धागे दिसतात. शंका असेल तर दोन्हींपैकी काहीच लावू नये.

एकाचे दहा

रोपे तयार करायला बी लागत नाही. झाड तीन-चार वर्षांचे झाले की बुंध्याशी पिल्ले फुटतात. पिल्लू वीतभर झाले की माती बाजूला करून ते मुळासकट सुरीने वेगळे करावे, चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्यावी आणि लहान कुंडीत लावावे. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस संपल्यावर नोव्हेंबर हा काळ चांगला. ऐन पावसात हे काम करू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा अशी चार पिल्ले वाटली तर वाण वर्षानुवर्षे वाढत राहते.

हौशी लोकांसाठी याचे आणखी प्रकार मिळतात. निळसर पानांचा ‘नोव्हा’, पांढऱ्या काठाचा ‘रे ऑफ लाइट’, पिवळ्या पट्ट्यांचा ‘काराज स्ट्राइप्स’. ते महाग असतात आणि रंगीत पट्ट्यांची पाने उन्हाने लवकर भाजतात, तेव्हा आधी साध्या हिरव्यावर हात बसवावा. ज्यांच्या घरी ऊनच येत नाही त्यांनी हावर्थियाच्या बिनकाट्याच्या लहान जाती किंवा सर्पपर्णी लावावी. त्या कमी उजेडावरही तग धरतात.

एकदाच येणारा फुलोरा

आता या झाडाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना. वर्षे जातात. बहुधा दहा किंवा त्याहून अधिक. झुबका रुंद होत राहतो, घरातली मुले शाळेतून कॉलेजात जातात, आणि एके दिवशी मधल्या कोंबातून जाड दांडा वर येऊ लागतो. बघता बघता तो माणसाच्या उंचीहून मोठा होतो आणि मग कमानीसारखा वाकतो. त्यावर हिरवट पिवळ्या फुलांची इतकी दाटी असते की दुरून कोल्ह्याची झुपकेदार शेपटी लोंबते आहे असे वाटते. म्हणूनच त्याला कुणी कोल्ह्याची शेपटी म्हणतात, कुणी सिंहाची शेपटी, तर कुणी हंसाची मान. फुले बुंध्याकडून टोकाकडे उमलत जातात आणि सोहळा कित्येक आठवडे चालतो. मधमाश्या आणि सूर्यपक्षी घिरट्या घालतात. शेजारीपाजारी बघायला येतात.

या कौतुकात एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते. फुलोरा आलेला झुबका पुन्हा जगत नाही. पाने हळूहळू पिवळी पडतात, लोळतात आणि काही महिन्यांत वाळून जातात. पुष्कळ लोक घाबरून पाणी वाढवतात, खत घालतात, औषधे फवारतात. कुणी कुणाची नजर लागली म्हणतात. ह्या कशाचाच उपयोग नाही, कारण झाडाला काही झालेलेच नसते. आयुष्यभर पानापानांत साठवलेले सगळे त्याने त्या एका फुलोऱ्यात ओतलेले असते. केळीचा घड उतरला की ती केळ संपते आणि बुंध्याशी पिले उभी असतात, तसेच हे. दांडा कापून टाकला तरी झुबका बहुधा वाचत नाही, तेव्हा सोहळा बघून घ्यावा हेच शहाणपणाचे.

या काळात माणसाने करायच्या गोष्टी तीन. पहिली, दांड्यावर लक्ष ठेवणे. फुले गळून गेल्यावर त्या जागी अनेकदा छोटी छोटी रोपे धरतात, कधी कधी शेकड्यांनी. बोटभर उंचीची झाली की ती अलगद खुडून वाळूमिश्रित मातीत टेकवावीत, महिन्याभरात मुळे धरतात. दुसरी, बुंध्याशी असलेली पिल्ले सांभाळणे. मोठे झाड वाळले की ऊन आणि जागा त्यांना मिळते. तिसरी, दांड्याला बांबूचा आधार देणे. कुंडी वरच्या वजनाने कलंडू शकते, आणि गच्चीवर वारा असेल तर दोरीने बांधून ठेवावी.

मोठे झाड पूर्ण वाळल्यावर करवतीने कापून काढावे. खोडाचे तुकडे कुजून खत होते. त्याच कुंडीत नवी माती भरून त्याचेच एखादे पिल्लू लावावे. ज्यांच्या घरी पहिला फुलोरा आला त्यांनी चार पिल्ले शेजाऱ्यांना, नातेवाइकांना देऊन ठेवावीत. आपल्याकडचे एखादे कधी कुजले तर त्यांच्याकडून परत आणता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• रोप निवडताना मधला कोंब कडक आणि बुंधा घट्ट आहे ना, ते पाहा.
• माती पाणी झटपट सोडणारी हवी. कुंडीला भोक हवेच.
• मातीत दोन इंच बोट घालून कोरडी लागली तरच पाणी.
• नव्या रोपाला उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत लावा.
• पावसाळ्यात बश्या काढा, बेचक्यांतले पाणी ओतून द्या.
• रस अंगाला लागू देऊ नका. कोरफड समजून वापरू नका.
• फुलोरा आला की पिल्ले जमवायला लागा.

एवढे सांभाळले की बाकी काम झाडाचे. उन्हाळ्यात गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवताना ‘कुंड्यांना रोज पाणी घाला’ असे सांगावे लागत नाही. उलट ‘तेवढ्या एका कुंडीला मात्र घालू नका’ असे बजावून जावे.